वीड मॅट फाडून गवत वर आलंय, आता काय करू?

कुंपणाकाठची | 9 जुलै, सकाळी 6:50

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धं सांगितलं की उत्तरात आधी चार उलटे प्रश्न येतात, म्हणून सगळंच लिहिते.

तळेगावला घराच्या मागे दीड गुंठा मोकळी जागा आहे. नोकरीत असेपर्यंत तिथे कपडे वाळत घालायची तार आणि एक शेवगा, एवढंच होतं. निवृत्त झाले आणि भाजी लावायचं खूळ डोक्यात शिरलं. गेल्या वर्षी मे महिन्यात पॉवर टिलरवाल्याला बोलावलं. दीड तासात जमीन रव्यासारखी मोकळी करून गेला. मी खूश. मग एक ब्रास लाल माती आणि शेणखत आणून बारा फूट बाय चार फुटांचे पाच वाफे केले. सुतळी लावून, अगदी कडा मारून. शेजारच्या काकूंनी फोटोसुद्धा काढला.

पहिला पाऊस झाला आणि मेथीच्या आधी गवत उगवलं. मेथी जेमतेम दोन पानांवर, तर गवत वीतभर. रोज सकाळी पाटावर बसून उपटायचे. सोमवारी उपटलेल्या जागी शनिवारी पुन्हा हजर, आणि माझ्या हिशेबाने जास्तच. गणपतीपर्यंत गुडघ्यांनी राजीनामा दिला. मेथीची एकच जुडी निघाली.

यंदा म्हटलं डोकं वापरू. काळी विणलेली वीड मॅट (तण वर येऊ नये म्हणून मातीवर अंथरायचं कापड) आणली, पाचही वाफ्यांवर ताणून अंथरली, कडेने खिळे ठोकले, वांग्याच्या रोपांपुरत्या फुल्या कापल्या. तीन आठवडे निवांत गेले. परवा चहा घेऊन मागे गेले तर मॅटवर ठिकठिकाणी हिरवी टोकं. गोधडीच्या खालून कुणी सुया टोचाव्यात तशी! फुल्यांमधून नाही, चक्क मॅट भोसकून. आणि कडेने दुसरंच एक गवत मॅटवर चढून सरपटत निघालंय. मॅटवर जी थोडी धूळ साचली आहे तिच्यात त्याने मुळंसुद्धा धरलीत.

मॅट भोसकणारं एक उपटून पाहिलं. पातं हातात आलं, खाली पांढरा दोरा तुटलेला. मग बोट घालून उकरलं तर दोऱ्याच्या टोकाला काळा मणी, करवंदाच्या बीपेक्षा थोडा मोठा. त्याला पुढे आणखी एक दोरा. तो मी हरवला.

आता प्रश्न. हे एकच गवत आहे की दोन? मॅट काढू की ठेवू? आमच्या घरातले सल्लागार म्हणतात "औषध मार आणि मोकळी हो", पण वांगी खायची आहेत मला. फोटो चढत नाहीयेत, तीन वेळा प्रयत्न केला.

---

गच्चीवरचा_पुणेकर | 9 जुलै, सकाळी 8:15

एवढं काय त्यात. एक लिटर पांढरं व्हिनेगर, वाटीभर मीठ, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. उन्हात फवारा, संध्याकाळपर्यंत सगळं करपतं. मी पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत दरवर्षी मारतो.

---

वाळव्याचा_गडी | 9 जुलै, दुपारी 1:30

पुणेकर, फरशीच्या फटीत काय वाट्टेल ते मारा, तिथं तुम्हाला वांगी लावायची नाहीत. ताई, तुम्ही वाफ्यात मीठ घालू नका. व्हिनेगरनं वरचं पातं करपतं, खालच्या गड्ड्याला पत्ताही लागत नाही. आणि मीठ मातीत बसून राहतं. आमच्याकडं नदीकाठच्या पट्ट्यात पाणी जास्त झाल्यामुळं रानं क्षारपड झालीत, तिथं येऊन बघा. ऊस पिवळा पडतो, हरभरा येत नाही, आणि हरळी मात्र मजेत असते. मिठानं तुमची वांगी आधी जातील.

आता तुमचं गवत. एक नाही, दोन आहेत, आणि दोघांचा स्वभाव एकदम वेगळा. औषध एकच दिलं तर एक मरतंय आणि दुसरं माजतंय. म्हणून आधी ओळख पटवा.

मॅट भोसकणारं घ्या. त्याचा फुलाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा. तीन धारा लागल्या, गोल फिरला नाही, तर तो लव्हाळा. मणी म्हणता तो त्याचा गड्डा. नखानं फोडा, आत पांढरा असंल आणि वास येईल. उटण्यात नागरमोथा घालतात ना, त्याच घराण्यातला. एका गड्ड्यातून दोरा, दोऱ्याला दुसरा गड्डा, अशी माळ असते. टोकाच्या गड्ड्याला कोंब फुटलेला असला की माळेतले बाकीचे झोपून राहतात. तुम्ही वरून पातं उपटलं की माळ तुटते, आणि झोपलेले सगळे जागे होतात. "जास्तच उगवलं" हा तुमचा हिशेब बरोबर आहे. तुम्ही गेलं वर्षभर लव्हाळ्याची लागवड केली, राग मानू नका.

कडेनं सरपटणारी हरळी. गाठीगाठीवर मूळ धरते. ती बहुतेक आधीपासून तुमच्या अंगणात असणार. टिलरच्या पात्यांनी तिचे बारीक तुकडे केले आणि रानभर पसरले. गाठ असलेला प्रत्येक तुकडा म्हणजे नवीन रोप. हरळीच्या रानात टिलर घालायचा तर मेच्या आधी, रान पूर्ण कोरडं असताना, आणि नंतर काशा, म्हणजे तिची जमिनीतली गाठीगाठीची खोडं, वेचून काढून वाळवायच्या. घालून लगेच खत-पाणी दिलं की झालं कल्याण.

एक विचारतो. लव्हाळा वाफ्यांच्या बाहेर कुठं दिसतो का?

---

कुंपणाकाठची | 9 जुलै, संध्याकाळी 7:05

दादा, राग कसला, हसून हसून बेजार झाले. "लव्हाळ्याची लागवड" आमच्या सल्लागारांना वाचून दाखवली, ते आता दिवसभर मला बागायतदार म्हणतायत.

दांडा फिरवला. तीन धारा, अगदी स्पष्ट. गड्डा फोडला, वास आला. लहानपणी दिवाळीच्या पहाटे चौरंगावर बसायचो तो वास. असल्या चांगल्या वासाचं एवढं दुष्ट गवत असेल असं वाटलं नव्हतं.

आणि तुमचा प्रश्न. पूर्ण मागची बाजू फिरून आले, टॉर्च घेऊन. लव्हाळा फक्त पाच वाफ्यांत आहे. बाहेर एकही नाही! बाहेर सगळी हरळी, थोडं गाजर गवत आणि शेवग्याखाली केना. म्हणजे लव्हाळा मी विकत आणलाय, त्या एक ब्रास मातीतून. मातीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, माती म्हटलं की गवत आलंच की." यावर काय बोलणार.

---

वाळव्याचा_गडी | 9 जुलै, रात्री 9:40

तेच वाटलं होतं. पुढच्या वेळी माती घ्यायच्या आधी एक घमेलं आणा, पाणी मारून पंधरा दिवस ठेवा. त्यात काय उगवतं ते बघून मग ब्रास सांगा. शेणखतपण कुजलेलं नसलं तर बी घेऊनच येतं. जनावराच्या पोटातून बरंचसं बी जिवंत बाहेर पडतं.

आता काय करायचं. पाचही वाफे एकदम धरू नका, थकाल. तीन वाफ्यांवरची मॅट काढा आणि लव्हाळा खणून काढा. खुरप्यानं वरवर खरवडायचं नाही. टोकदार पहार किंवा काटेरी फावडं वीतभर खाली घालून माती उचलायची, मग दोरा न तोडता हातानं माळ सोडवायची. बहुतेक गड्डे वरच्या वीतभर मातीतच असतात. सगळे मिळणार नाहीत. राहिलेल्यांचं एकच लक्षात ठेवा: कोंब वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत तो नवीन गड्डे धरायला लागतो. त्याच्या आत, म्हणजे दर पंधरा दिवसांनी न चुकता, तो कोंब काढला की जुन्या गड्ड्यातली शिदोरी संपत जाते आणि नवीन भर पडत नाही. एकदा चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडं भांगलण दर पंधरवड्याला असते ती उगीच नाही.

उरलेल्या दोन वाफ्यांत वांगी नाहीत ना? तिथं ताग फेका. दाट, दोन्ही मुठींनी. ताग चार फूट झाला की खाली ऊन पोचत नाही, आणि लव्हाळा व हरळी दोघांनाही सावली चालत नाही. साधारण पंचेचाळीस दिवसांनी, फुलावर यायच्या आत, कापून तिथंच मातीत गाडा. खतपण झालं.

काढलेले गड्डे आणि हरळीच्या काशा कंपोस्टमध्ये टाकू नका हो. पत्र्यावर उन्हात खडखडीत वाळवा. पावसाळ्यात ऊन नाही, तर काळ्या पिशवीत बांधून ठेवा, एप्रिलात वाळवा.

---

आगरातली | 10 जुलै, सकाळी 10:20

दापोलीहून. दादांनी लव्हाळ्याचं सगळं सांगितलंय, मी आच्छादनाचं सांगते, कारण आमच्याकडे तेच चालतं.

आमच्याकडे जुनी माणसं भाताच्या रोपवाटिकेत भाजावळ करायची, अजूनही कुठे कुठे करतात. शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा, माती असे थर लावून उन्हाळ्यात पेटवायचं. वरच्या मातीतलं तणाचं बी भाजून निघतं. परसात हे करू नका, धूर होतो आणि मातीतले जीवही जातात. पण त्याच तत्त्वावरचा बिनधुराचा उपाय म्हणजे एप्रिल-मेमध्ये वाफा चांगला भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरायच्या. चार ते सहा आठवडे. काळं नाही हं, पारदर्शक. खालची माती इतकी तापते की वरच्या थरातलं बरंचसं बी मरतं. लव्हाळ्याचे खोल गड्डे मात्र यातूनही वाचतात, तेव्हा खणून झाल्यावरच करा.

कुणी पुठ्ठे अंथरा म्हणून सांगेल. चांगला उपाय आहे, मी रस्त्याकडेच्या पट्टीत केलाय. पुठ्ठ्याची टेप आणि चकचकीत कागद काढायचा, दोन थर, एकमेकांवर अर्धी वीत चढवून, भिजवून, वर चार बोटं पालापाचोळा. हरळी जाते. पण तुमच्याकडे वाळवी असेल तर ती पुठ्ठ्याच्या मेजवानीला येईल, आणि आमच्याकडे पावसाळ्यात त्याखाली गोगलगायींचं संमेलन भरतं. मी जुलै-ऑगस्टमध्ये आच्छादन रोपांच्या बुंध्यापासून वीतभर लांब सरकवते. माडांभोवती नारळाची सोडणं उपडी घालतो, ती सर्वांत चांगली. तळेगावला सोडणं कुठून आणणार म्हणा.

---

गच्चीवरचा_पुणेकर | 10 जुलै, दुपारी 12:05

मीठ मागे घेतो. पण ग्लायफोसेट हे तणनाशक एकदा मारलं तर? मुळापर्यंत जातं म्हणतात.

---

वाळव्याचा_गडी | 10 जुलै, दुपारी 2:10

जातं. पण ते हिरवं दिसेल त्याला लागू पडतं, त्याला वांगं आणि हरळी यातला फरक कळत नाही. वाऱ्यानं एक थेंब उडाला की रोपाची पानं पिवळी. शिवाय 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं त्यावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्यांमार्फतच वापर करायचा अशी. चार बाय बाराच्या वाफ्याला एवढं लचांड कशाला?

---

माठाची_भाजी | 10 जुलै, संध्याकाळी 5:30

तुम्ही सगळे युद्धाला निघालात. कुंपणाकाठच्या ताईंनी शेवग्याखाली केना आहे म्हटलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही! केन्याची कोवळी पानं धुऊन डाळीच्या पिठात बुडवा आणि भजी तळा. कुर्डू, घोळ, तांदुळजा, आंबुशी हेही वाफ्यात आपोआप येतं. माझी आजी खुरपणीला बसली की उजव्या हाताला टाकायचं तण आणि डाव्या हाताला ओट्यात भाजी. ओळख पक्की असेल तरच खा, आणि औषध मारलेल्या जागेतलं नको.

गाजर गवत मात्र फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. हातमोजे यासाठी की कितीतरी जणांना त्याने खाज आणि पुरळ उठतं. माझ्या नवऱ्याच्या कोपरापर्यंत उठलं होतं.

---

कुंपणाकाठची | 16 नोव्हेंबर, सकाळी 7:10

चार महिन्यांनी उगवतेय, लव्हाळ्यासारखीच. सगळ्यांचे आभार मानायचे होते, पण म्हटलं निकाल हातात आल्याशिवाय काय लिहू.

तीन वाफे खणले. एकटीने नाही, वाफ्याला एक सकाळ असं करत, सल्लागारांना पहार धरायला लावून. पहिल्या दिवशी एका वाफ्यातून किती गड्डे निघाले ते मोजायची मला सवय, बँकेतली खोड. तीनशे बारा! स्टीलचा डबा भरला. दुसऱ्या पंधरवड्याला शंभराच्या आसपास, मग चाळीस, मग एकवीस. सप्टेंबरच्या सुरुवातीला माझ्या भाचीचं लग्न होतं, नाशिकला आठ दिवस गेले आणि लव्हाळा काढायची एक पाळी चुकली. परत आले तर साठ. दादा, तुम्ही म्हणाला होतात तसंच, पुन्हा पहिल्यापासून नाही पण दोन पायऱ्या मागे. आता गेल्या तीन पाळ्यांत नऊ, सहा, सहा. सहावरून खाली जात नाहीये. पण सहा म्हणजे चहा होईपर्यंतचं काम.

काढताना एक गोष्ट शिकले, ती कुणी सांगितली नव्हती. पावसानंतर दुसऱ्या दिवशी माती अर्धवट वाळलेली असते, तेव्हाच माळ अख्खी निघते. चिखलात दोरा मातीबरोबर तुटतो आणि कोरड्यात खटकन तुटतो. म्हणून मी आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवते. एकदा तर एका दोऱ्याला सात गड्डे सलग आले, बाहेरून काळे आणि शेवटचा अजून पांढरा. तो मी खिडकीत ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. वाळून मिऱ्याएवढा झाला.

ताग दोन वाफ्यांत फेकला. छातीपर्यंत आला! शेजारच्या काकूंना वाटलं मी काहीतरी बेकायदा लावलंय. सप्टेंबरात कापून गाडला. आता तिथे मेथी आणि हरभरा आहे, आणि मेथी गवताच्या आधी दिसतेय. दोन्ही वाफ्यांत मिळून लव्हाळा दहा-बारा ठिकाणी आला, तो काढला.

वीड मॅट फेकली नाही. वाफ्यांच्या मधल्या वाटांवर घातली आणि वर लाकडाचा भुस्सा. वाटेवर ती चांगली आहे, तिथे फुल्या कापायच्या नसतात. आधी थोडा भुस्सा मी वाफ्यातच मिसळला होता, उत्साहात. तेवढ्या भागातला पालक पिवळा पडला. नत्र खातो म्हणे कच्चा भुस्सा. आता मिसळत नाही.

हरळी आहे. बाहेरची सगळी जाणार नाही हे मान्य केलंय. वाफ्यांच्या भोवती वीतभर खोल चर खणून घेतलाय, दर रविवारी विळ्याने कडेला फिरते, चरावरून उडी मारणारा प्रत्येक फाटा कापते. आणि खरं सांगायचं तर भाद्रपदात गल्लीतली निम्मी मंडळी दूर्वांसाठी माझ्याच कुंपणाशी उभी होती. एकवीस एकवीसच्या जुड्या करून दिल्या. ज्या काकूंनी वाफ्यांचा फोटो काढला होता त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे किती छान येतात गं." मी काही बोलले नाही.

केन्याची भजी केली. सल्लागारांनी चार खाल्ली आणि मग विचारलं कशाची आहेत.

आता एक नवीन प्रश्न. चराला आतून कडप्प्याच्या फरशा उभ्या पुरायचा विचार आहे, म्हणजे दर रविवारचं काम हलकं होईल. मिस्त्री म्हणतो सहा इंच पुरे. पुरेल का?

---

वाळव्याचा_गडी | 16 नोव्हेंबर, दुपारी 1:15

सहा इंचाखालनं हरळी जाते. आठ-नऊ घ्या, आणि दोन इंच जमिनीच्या वर ठेवा, नाहीतर वरनं चढेल. फरशीच्या सांध्यात सिमेंट भरायला सांगा मिस्त्रीला, तो विसरतो. ती फटीतनंच येते.

भाचीला आशीर्वाद.